रेमिनिसन्स थेरपी

वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात राहणाऱ्या ज्येष्ठांना जुन्या वस्तू, छायाचित्रे, गाणी, वास आणि चवी यांच्या आधाराने पूर्वायुष्याबद्दल बोलते करण्याची पद्धत. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आणि नैराश्य असलेल्यांसाठी ती विशेषकरून वापरली जाते. हा औषधोपचार नव्हे, आणि यातून गेलेली स्मृती परत येत नाही.

म्हातारी माणसे सारखी जुन्या गोष्टी उगाळत बसतात, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांनाही मन थकल्याचे लक्षण वाटे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ च्या एका निबंधात याच्या उलट मांडणी केली. मृत्यू जवळ आल्याची जाणीव झाली की माणूस आपसूकच आयुष्याचा हिशेब मांडू लागतो, आणि ही मनाची स्वाभाविक प्रक्रिया आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या हिशेबातून काहींना समाधान लाभते, तर काही जण अपराधभावात आणि निराशेत बुडतात, हेही त्यांनी तिथेच नोंदवले. पुढे पद्धतीचा उदो उदो करणाऱ्यांनी त्यांच्या म्हणण्याचा हा उत्तरार्ध बराचसा बाजूला ठेवला.

प्रत्यक्ष कामाला आकार आला ब्रिटनमध्ये. ‘हेल्प द एज्ड’ या संस्थेने १९८१ मध्ये जुनी छायाचित्रे आणि ध्वनिफिती यांचा ‘रिकॉल’ नावाचा संच काढला आणि तो तिथल्या केअर होममध्ये पोचला. डेन्मार्कमधील ऑर्हूस शहराच्या ‘डेन गाम्ले ब्यू’ या खुल्या संग्रहालयात डिमेन्शियाग्रस्तांसाठी १९५० च्या दशकातले घर सजवलेले आहे. जपानमध्ये कितानागोया शहराने शोवा काळातल्या (१९२६ ते १९८९) रोजच्या वापराच्या वस्तूंचे संग्रहालय याच कामाला जोडले आहे.

पद्धतीमागचा आधार साधा आहे. डिमेन्शियात सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण लग्नातल्या पंगतीचा मेनू आठवतो. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी इतर वयांच्या मानाने अधिक संख्येने टिकतात, असे स्मृतीच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. बैठकीत सहसा सहा-आठ जण असतात, ती आठवड्यातून एकदा होते आणि तासाभरात आटोपते. एकेकट्याबरोबर बालपणापासून क्रमाने बोलत जाण्याचा प्रकार वेगळा. त्याला जीवन-आढावा म्हणतात आणि त्याला प्रशिक्षित माणूस लागतो.

सूत्रधाराचे कसब प्रश्न न विचारण्यात असते. ‘आजी, आठवतंय का, हे कोणत्या साली?’ असे विचारले की ती परीक्षा होते, आणि नापास होण्याच्या भीतीने माणूस गप्प होतो. त्यापेक्षा टेबलावर पितळी स्टोव्ह ठेवावा. पिन कुठे घालायची, पंप किती मारायचा, भडका उडाला तर काय करायचे, हे हातांना अजून ठाऊक असते. वाक्य जुळत नसलेली बाईसुद्धा ते करून दाखवू शकते. ऐकू कमी येणाऱ्यांना सूत्रधाराच्या शेजारी बसवणे आणि टीव्ही बंद करणे, या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर बैठक तरते किंवा फसते.

गुण किती येतो? वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात २२ चाचण्या आणि १,९७२ सहभागी होते. फायदे दिसले, पण छोटे आणि सगळीकडे सारखे नाहीत. जीवनाच्या गुणवत्तेतली सुधारणा केअर होममध्ये दिसली, घरी राहणाऱ्यांत नाही. ब्रिटनमधल्या ‘रेमकेअर’ चाचणीत डिमेन्शियाग्रस्त आणि त्यांची काळजी घेणारे घरचे माणूस अशा ४८८ जोड्यांचे एकत्रित गट घेतले होते. तिथे रुग्णांना लक्षणीय लाभ झाला नाही, उलट काळजीवाहकांची चिंता काहीशी वाढलेली आढळली. संस्थेतच फरक का पडावा, याचे एक कारण संभवते. घरच्यांना माणसाचा इतिहास माहीत असतो, संस्थेत तो दाराबाहेर राहिलेला असतो. ‘खोली नंबर सातच्या आजोबांनी’ तीस वर्षे गिरणीत साचे चालवले, हे कळल्यावर त्यांना भरवणाऱ्या मावशीकडे बोलायला विषय येतो.

धोकेही आहेत. विषय निरुपद्रवी वाटला तरी कोणाची कोणती जखम उघडेल सांगता येत नाही. पुण्यात १९६१ चा पानशेत पूर हा एकाला गप्पांचा विषय, तर ज्याचे घर वाहून गेले त्याला नाही. रडू आले म्हणून बैठक फसली असे नव्हे, पण तेच दुःख पुन्हापुन्हा उगाळले जात असेल तर थांबवावे लागते. नको म्हणणाऱ्याला ओढून बसवू नये.

आठवणींची पेटी शिळीही होते. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात दुसऱ्या महायुद्धातले गॅस मास्क चालून जात. आज ऐंशीच्या घरात असलेल्याला ते युद्ध आठवत नाही. महाराष्ट्रात या वयाच्या माणसाचे तारुण्य म्हणजे १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, त्याच वर्षी मुंबईत सुरू झालेले दूरदर्शन आणि रेडिओवरची बिनाका गीतमाला. त्याच्यापुढे जाते-उखळ मांडायचे की ट्रान्झिस्टर, हे तो गावात वाढला की चाळीत, यावरून ठरवावे.