द स्पेशल्सची रेडिओ-टीव्ही सेशन्स : पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या द स्पेशल्स या स्का (जमैकात जन्मलेलं नाचरं संगीत) बँडच्या मूळ सात जणांनी मिळून दोनच अल्बम केले. पहिला ऑक्टोबर १९७९ मध्ये आला, दुसरा १९८० मध्ये. १९८१ च्या जुलैत ‘घोस्ट टाउन’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, आणि त्याच सुमारास टेरी हॉल, नेव्हिल स्टेपल आणि लिनव्हल गोल्डिंग बाहेर पडले. एवढ्या तुटपुंज्या पसाऱ्यात रेडिओ-टीव्हीसाठी केलेली ध्वनिमुद्रणं म्हणजे जवळजवळ तिसरा अल्बमच. ती गोळा करायला चाहते आणि कंपन्या इतकी वर्षं का झटल्या, याचं उत्तर यात आहेच. पण ही ध्वनिमुद्रणं मुळात झालीच का, ती गोष्ट अधिक रंजक आहे, आणि तिचा स्काशी काही संबंध नाही.

ब्रिटनमध्ये रेडिओवर रेकॉर्ड किती तास वाजवायच्या यावर दीर्घकाळ मर्यादा होती. रेकॉर्ड सतत वाजल्या तर वादकांची कामं जातील ही त्यांच्या युनियनची भीती. आयती फुकट ऐकायला मिळाली तर रेकॉर्ड विकत कोण घेणार, ही कंपन्यांची. १९६७ मध्ये बीबीसीचं पॉप संगीताचं केंद्र रेडिओ वन सुरू झालं तेही हे ‘नीडल टाइम’चं बंधन घेऊनच. उरलेला वेळ भरायला बीबीसी बँडना आपल्याच स्टुडिओत वाजवायला बोलावी; अशा ध्वनिमुद्रणाला ‘सेशन’ म्हणत. हे बंधन १९८८ पर्यंत टिकलं. कलेच्या प्रेमापेक्षा कराराच्या कलमांनीच हा खजिना जमवला, असं म्हणायला हरकत नाही.

रेडिओ वनचे निवेदक जॉन पील यांच्या रात्रीच्या कार्यक्रमासाठी बँड लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत येई. ही इमारत मूळची रोलर स्केटिंगची. साधारण चार गाणी, एक दिवस. वाजवायचं, आवश्यक तेवढे जादा आवाज त्यावर चढवायचे, मिक्स त्याच रात्री पुरं करायचं. पुन्हा उद्या येऊन दुरुस्ती नाही. मे १९७९ मध्ये स्पेशल्सनी असंच पहिलं सेशन दिलं : ‘गँगस्टर्स’, ‘टू मच टू यंग’, ‘काँक्रीट जंगल’ आणि टूट्स अँड द मेटल्स या जमैकन गटाचं ‘मंकी मॅन’. गायक एल्व्हिस कॉस्टेलोने निर्मिलेला पहिला अल्बम अजून काही महिने लांब होता. म्हणजे ही गाणी अल्बमच्या मुशीत बसण्याआधी बँड कशी वाजवत होता, त्याचा हा पुरावा. पुढे १९८० च्या सेशनमध्ये ‘रॅकेल’ आहे, जे दोन्ही अल्बमांवर नाही. संकलन करणाऱ्याला हवं असतं ते नेमकं हेच.

टीव्हीचं प्रकरण गुंतागुंतीचं. ८ नोव्हेंबर १९७९ च्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या साप्ताहिक पॉप कार्यक्रमामध्ये स्पेशल्स, मॅडनेस आणि द सिलेक्टर असे तिन्ही बँड एकाच भागात झळकले, स्पेशल्सच्या जेरी डॅमर्सने काढलेल्या टू टोन लेबलच्या इतिहासातला हा मानाचा दिवस. पण युनियनच्या नियमानुसार या कार्यक्रमासाठी गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करणं अपेक्षित असे, आणि तो नियम चुकवून मूळ टेपच हळूच पुढे सरकवण्याचे प्रकार सर्रास होत. त्यामुळे जुनी फीत हाती आली तरी हे खरंच वेगळं वादन आहे की रेकॉर्डच वाजते आहे, हे कान देऊन ठरवावं लागतं. एप्रिल १९८० मध्ये अमेरिकेत ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’वर वाजवलेलं ‘गँगस्टर्स’ मात्र थेट प्रक्षेपणातलं. त्याचे हक्क बीबीसीकडे नाहीत, अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीकडे आहेत. म्हणजे परवानगीसाठी दुसरंच दार ठोठवायचं.

बीबीसी टेप पुसून पुन्हा वापरी, ही सवय कुप्रसिद्धच. साठच्या आणि सत्तरच्या दशकांतलं कितीतरी असं गेलं. रेडिओसमोर कॅसेट लावून बसणाऱ्या श्रोत्यांनी बरंच वाचवलं. या कॅसेटांमध्ये गाण्याच्या शेवटावर पील बोलायला लागतात, कधी स्टेशन किंचित सरकलेलं असतं, आणि हातोहात नकला होताना खरखर वाढत जाते. चोरट्या रेकॉर्डचा बाजार याच मालावर चालला.

अधिकृत वाट १९८६ मध्ये मोकळी झाली. क्लाइव्ह सेलवूड आणि पील यांनी स्ट्रेंज फ्रूट हे लेबल काढलं. सुरुवातीच्या वेष्टनांवर बँडचं छायाचित्र नसे. पीलसाठी सेशन दिलेल्यांच्या नावांची दाटीवाटीने छापलेली यादी असे. मॅडनेसचं १९७९ चं सेशन या मालिकेत १९८६ मध्ये आलं, स्पेशल्सचं १९८७ मध्ये. १९९८ मध्ये स्पेशल्सची बीबीसीतली ध्वनिमुद्रणं एका सीडीवर एकत्र आली. २०१५ मध्ये दोन्ही अल्बमांच्या विस्तारित आवृत्त्या निघाल्या, तेव्हा बीबीसीचं हे साहित्य त्यांच्या जोडीला बसवलं गेलं. ही मांडणी मला जास्त पटते : अल्बमशेजारी ठेवून ऐकलं की गाणं कुठे बदललं ते लगेच उमगतं.