गोलबॉल

गोलबॉल : दृष्टिहीन आणि अंशतः दृष्टी असलेल्या खेळाडूंसाठी खास रचलेला, बंदिस्त क्रीडागृहात खेळला जाणारा सांघिक खेळ. घंटा बसवलेला जड चेंडू जमिनीलगत फेकून प्रतिपक्षाच्या गोलमध्ये धाडायचा आणि समोरून येणारा चेंडू केवळ आवाजाच्या अंदाजाने अंगावर घेऊन अडवायचा, असे त्याचे स्वरूप आहे. अपंगांसाठीचे बहुतेक खेळ डोळस किंवा धडधाकट खेळाडूंच्या खेळांत सोयीपुरते फेरफार करून तयार झाले. गोलबॉलला असा पूर्वज नाही. त्याचे मैदान, चेंडू आणि दंडाचे नियम हे सारे ऐकणे व स्पर्श या दोनच आधारांवर बेतलेले आहे, आणि हीच त्याची खरी ओळख म्हणावी लागेल.

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी ऑस्ट्रियाचे हान्स लोरेन्झेन आणि जर्मनीचे सेप राइंडले यांनी १९४६ मध्ये हा खेळ तयार केला. सुमारे पाव शतक तो मुख्यतः पुनर्वसनाच्या वर्तुळातच राहिला. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्याचे प्रात्यक्षिक झाले आणि १९७६ मध्ये टोरांटो येथे पुरुषांसाठी तो पदकाचा खेळ झाला. ते पहिले सुवर्ण ऑस्ट्रियाने जिंकले. महिलांना पॅरालिम्पिकचे दार १९८४ मध्ये उघडले. पुरुषांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७८ मध्ये ऑस्ट्रियात झाली, तर महिलांची १९८२ मध्ये अमेरिकेत. १९८१ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय अंध क्रीडा महासंघ, म्हणजेच आयबीएसए, स्थापन झाला. गोलबॉलचे नियम ठरवणे, पंचांना मान्यता देणे आणि जागतिक स्पर्धा भरवणे ही कामे आता याच संस्थेकडे आहेत.

मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असते. दोन्ही टोकांना मैदानाच्या पूर्ण रुंदीइतका, म्हणजे ९ मीटर रुंद व १.३० मीटर उंच गोल असतो. मैदानाचे आडवे सहा पट्टे पाडलेले असतात आणि प्रत्येक पट्टा ३ मीटरचा असतो. गोलसमोरचा पहिला पट्टा संघाचा बचावाचा, त्यापुढचा चेंडू टेकवण्याचा आणि मधले दोन तटस्थ. या रेषा आखण्याची रीत पाहण्यासारखी आहे. जमिनीवर बारीक दोरी ताणतात आणि तिच्यावर ५ सेंटिमीटर रुंदीची चिकटपट्टी लावतात, त्यामुळे रेषेला उंचवटा येतो व तो हाताच्या बोटांना किंवा बुटाच्या तळव्याला सहज जाणवतो. बचावाच्या पट्ट्यात खेळाडूंना आपली जागा हेरता यावी म्हणून आखूड जादा रेषाही असतात. चेंडू फेकून परतणारा खेळाडू मागे सरकत गोलच्या खांबाला किंवा आडव्या दांडीला हात लावतो, पायाने रेषा चाचपतो, तोंड समोर आहे याची खात्री करतो आणि मगच बसतो. हे सारे दोन-तीन सेकंदांत उरकावे लागते, कारण तोवर प्रतिपक्षाच्या हाती चेंडू आलेला असू शकतो.

चेंडू रबराचा, १.२५ किलोग्रॅम वजनाचा आणि साधारण ७६ सेंटिमीटर घेराचा, म्हणजे आकाराने बास्केटबॉलच्या जवळ जाणारा, पण वजनाने त्याच्या दुप्पट असतो. त्याच्या आत घंटा असतात आणि आवाज बाहेर पडावा म्हणून त्याला आठ छिद्रे ठेवलेली असतात. पुरुष व महिला दोघांसाठी चेंडू आणि मैदान एकच आहे.

प्रत्येक संघाचे तीन खेळाडू मैदानात उतरतात. त्यांपैकी एक मध्यभागी असतो आणि दोघे डाव्या-उजव्या बाजूंना. राखीव खेळाडू जास्तीत जास्त तीन. सामना १२ मिनिटांच्या दोन डावांचा असतो. चेंडू ताब्यात आल्यापासून १० सेकंदांच्या आत तो परत फेकावा लागतो. गोलांचा फरक दहावर गेला की सामना तिथेच थांबवतात. निकाल लागणे आवश्यक असलेल्या सामन्यात बरोबरी झाली, तर तीन-तीन मिनिटांचे जादा डाव होतात. त्यात पहिला गोल करणारा संघ जिंकतो आणि तरीही कोंडी फुटली नाही, तर एकास एक खेळाडूंमध्ये चेंडूफेक घेतली जाते.

फेकणारा काही पावले धावत येतो, कंबरेत वाकतो आणि हात मागून पुढे झोकत चेंडू जमिनीलगत सोडतो. काही खेळाडू स्वतःभोवती गिरकी घेऊन तो वेग चेंडूला देतात, तर काही गोलकडे पाठ करून दोन पायांमधून फेकतात. वरच्या दर्जाच्या पुरुष खेळाडूंच्या फेकीचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू जेमतेम सेकंदभरात पोचतो. तेवढ्यात बचाव करणाऱ्यांना दिशा ओळखून कुशीवर झोकून द्यायचे असते. हात डोक्यावर ताणलेले, पाय लांबवलेले आणि चेहरा मागे वळवलेला, अशी ती भिंत असते. फेक सुसाट असेलच असे नाही. टप्पे घेत येणारा चेंडू आडव्या पडलेल्या शरीरावरून उसळून जातो, म्हणून तो धोक्याचा. संथ, सरळ गडगडत येणाऱ्या चेंडूत घंटा कमी वाजतात, त्यामुळे तोही तितकाच फसवा ठरतो. हल्ला करणारा संघ आवाजाचा खेळ आणखी एका प्रकारे करतो. चेंडू एका बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूचा खेळाडू पावले वाजवतो, किंवा चेंडू अलगद हातोहात सरकवून भलत्याच कोपऱ्यातून फेकला जातो. नवख्या प्रेक्षकाला हा खेळ ताकदीचा वाटतो. जाणकार मात्र ही फसवणूक आणि ती ओळखणारा कान पाहतात.

कान हेच साधन असल्यामुळे शांतता हा येथे शिष्टाचार नसून नियम आहे. खेळ सुरू करण्यापूर्वी पंच इंग्रजीत ‘क्वायट प्लीज’ अशी सूचना देतात, मग शिट्टी वाजते आणि ‘प्ले’ म्हटले जाते. त्यानंतर गोल होईपर्यंत किंवा खेळ थांबेपर्यंत प्रेक्षकांनी टाळी वाजवायची नाही, की नाव घेऊन ओरडायचे नाही. राखीव बाकावरील प्रशिक्षकालाही खेळ चालू असताना सूचना देता येत नाहीत, दिल्यास दंड होतो. गोल झाल्यावर मात्र प्रेक्षागृहात एकदम गदारोळ उठतो आणि पंचांनी पुन्हा सूचना देताच तो विरतो. प्रक्षेपणावर हा चढउतार निम्माच कळतो. तो प्रेक्षागृहात बसूनच अनुभवावा.

दंडांची यादी पाहिली की खेळाचे तर्कशास्त्र उलगडते. फेकलेला चेंडू आपल्या बाजूच्या पहिल्या सहा मीटरांत एकदा तरी जमिनीला लागला पाहिजे, नाहीतर उंच चेंडूचा दंड होतो. पुढे तटस्थ पट्ट्यातही त्याने जमिनीला स्पर्श केला पाहिजे, नाहीतर लांब चेंडूचा. हवेतून आलेला चेंडू वाजतच नाही, म्हणून हे बंधन. प्रतिपक्षाच्या हद्दीपर्यंत न पोचता मध्येच थांबलेल्या चेंडूलाही दंड आहे. फेकताना स्वतःच्याच संघाने जास्त आवाज केला आणि समोरच्यांना चेंडू ऐकू आला नाही, तर तोही गुन्हा. परवानगीशिवाय डोळ्यांवरील आयशेडला (प्रकाश अडवणाऱ्या पट्ट्याला) हात लावणे हा दंड नवशिक्यांकडून हमखास होतो, कारण घाम पुसण्यासाठी हात आपोआप चेहऱ्याकडे जातो. दंड झाला की प्रतिपक्षाच्या एका फेकीसमोर त्या संघाच्या एकट्या खेळाडूला पूर्ण नऊ मीटरचा गोल राखावा लागतो, आणि अटीतटीचे सामने बऱ्याचदा अशाच फेकीवर फिरतात.

आयशेड म्हणजे जराही प्रकाश आत न येऊ देणारा गॉगलसारखा पट्टा. मोठ्या स्पर्धांत त्याखाली डोळ्यांवर चिकटपट्ट्याही लावतात. त्याची गरज पात्रतेच्या नियमांतून येते. आयबीएसए खेळाडूंची बी-१, बी-२ व बी-३ अशी वर्गवारी करते. बी-१ मध्ये पूर्णतः किंवा जवळजवळ अंध खेळाडू येतात, तर बी-३ ची वरची मर्यादा अशी की, चष्मा लावूनही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/६० (म्हणजे निकोप डोळ्याला ६० मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) पेक्षा जास्त नसावी किंवा दृष्टिक्षेत्राचा व्यास ४० अंशांपेक्षा कमी असावा. या तिन्ही गटांतले खेळाडू एकाच संघात, कोणत्याही प्रमाणात खेळू शकतात, कारण आयशेड चढवल्यावर सारे सारखेच. भारतात व महाराष्ट्रात अधिक परिचित असलेल्या अंधांच्या क्रिकेटने वेगळी वाट धरली. तेथे अकरा जणांत किमान चार बी-१ खेळाडू असावे लागतात आणि त्यांच्या धावा दुप्पट मोजल्या जातात. क्रिकेटच्या नियमांत हा फरक भरून काढण्यासाठी आकडेमोड करावी लागते. गोलबॉलमध्ये ती मुळात उद्भवतच नाही. उरलेल्या दृष्टीचा उपयोग खेळाडूला करू न देणे हे कितपत योग्य, असा प्रश्न काहींना पडतो, परंतु या खेळातली चुरस त्याच अटीवर उभी आहे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या क्रमात पॅरालिम्पिक सर्वांत वर आणि त्याखाली दर चार वर्षांनी होणारी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. १९९८ मध्ये माद्रिद येथे सुरू झालेल्या आयबीएसए जागतिक क्रीडास्पर्धांतही गोलबॉल असतो. खंडनिहाय स्पर्धा बहुधा पात्रता फेरीचे काम करतात. पुरुषांत एकाच देशाची सद्दी फारशी टिकलेली नाही. डेन्मार्कने २००० व २००४ अशी लागोपाठ दोन पॅरालिम्पिक सुवर्णपदके मिळवली, २००८ मध्ये बीजिंगला चीन, २०१२ मध्ये लंडनला फिनलंड आणि २०१६ मध्ये रिओत लिथुएनिया जिंकला. या काळातच ब्राझीलचा संघ पुढे आला. एस्पो २०१४, माल्मो २०१८ व मातोसिन्योश २०२२ या तीन सलग जागतिक स्पर्धा त्याने जिंकल्या आणि टोकियो पॅरालिम्पिकचे सुवर्णही मिळवले. महिलांत कॅनडाने २००० व २००४ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये सुवर्ण घेतले. २०१२ च्या अंतिम सामन्यात जपानने चीनला अवघ्या एका गोलने हरवले. बचाव इतका कडक असला की हा खेळ किती कमी गोलांत संपतो, याचे ते उत्तम उदाहरण. त्यानंतर रिओ, टोकियो आणि पॅरिस ही तिन्ही सुवर्णपदके तुर्कस्तानच्या महिलांनी पटकावली. या यशात सेव्दा आल्तुनोलुक या खेळाडूच्या गोलांचा वाटा मोठा आहे.

२०२४ मध्ये पॅरिस येथे पुरुषांच्या अंतिम सामन्यात जपानने युक्रेनवर जादा वेळेत ४–३ अशी मात केली आणि पुरुष गटातले आपले पहिले सुवर्ण मिळवले. या स्पर्धेपासून प्रत्येक गटातील संघांची संख्या टोकियोतील दहावरून आठवर आणली गेली. त्यांतली एक जागा यजमान देशाला जात असल्यामुळे उरलेल्या सात जागांसाठी खंडनिहाय चुरस वाढली, आणि युरोपसारख्या, जेथे तुल्यबळ संघ पुष्कळ आहेत अशा खंडातून पात्र ठरणे हेच आता पदक मिळवण्याइतके कठीण होऊन बसले आहे.