जगायला गेलेल्यांची आठ पानं

ए-फोर कागदाला तीन घड्या घाला, मधोमध कात्रीनं चीर द्या, पुन्हा दुमडा. आठ पानांची चोपडी तयार. ना टाका, ना डिंक. चाळीस झेरॉक्स काढल्या तरी शंभराच्या नोटेत भागतं.

हिलाच झीन म्हणतात. शब्द अमेरिकेतला. विज्ञानकथांचे चाहते हौसेनं काढायचे त्या अंकांना १९४० मध्ये ‘फॅनझीन’ हे नाव पडलं आणि पुढं त्याचं शेपूट तेवढं राहिलं. सत्तरच्या दशकात पंक संगीतवाल्यांनी ती फोटोकॉपीवर चढवली. मराठवाड्यातल्या झीनचे आजे-पणजे मात्र इथलेच आहेत.

पणजा निजामाच्या काळातला. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये काढलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली, तेव्हा ते नाव बदलून निघत राहिलं. आजा म्हणजे सायक्लोस्टाईल. फीत काढलेल्या टाईपरायटरनं मेणकागदाच्या स्टेन्सिलवर अक्षरं ठोकायची, चित्र लोखंडी लेखणीनं कोरायचं आणि रूळ फिरवायचा. चूक झाली तर त्या भोकावर नखपॉलिशसारखं लाल द्रावण फासून पुन्हा ठोकायचं. बोटं दोन दिवस काळी. १९५५ मध्ये मुंबईत ‘शब्द’ हे कवितेचं अनियतकालिक असंच निघालं होतं. औरंगाबादेत बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. नागसेनवनातल्या त्या वातावरणातून साठच्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ आलं. ते रीतसर त्रैमासिक, झीन नव्हे. पण आपलं आपणच लिहून छापायचं, ही सवय तिथली.

त्या लिहिण्यात भूक भरपूर होती. पाककृती नव्हती.

‘रुचिरा’ हे घरोघरचं पाकपुस्तक आलं १९७० मध्ये. दोनच वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, माती उपसत होती. पोरांना सुकडी मिळायची आणि भाकरी अमेरिकेहून आलेल्या मिलोची, म्हणजे लाल ज्वारीची. माझी आजी सांगायची, मिलो थापायला घेतली की कडेनं चिरायची, म्हणून ती पिठात उकळतं पाणी घालायची. ही युक्ती मी कुठल्याच पाकपुस्तकात वाचलेली नाही. भाकरी चिरू नये म्हणून काय करायचं, हेसुद्धा पाकशास्त्रच की!

दुसरं मौन आणखी अवघड. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं आणि लोकांनी ते सोडलं. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. पण त्याबरोबर चान्या (मोठ्या जनावराच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या), रक्ती (साकळलेलं रक्त), वजडी (आतडी-कोथळा) यांविषयी बोलणंही दबक्या आवाजात गेलं. वरच्या आळीतले नाक मुरडणार आणि आपल्यातले म्हणणार, कशाला पुन्हा ते उगाळता? ही कोंडी फोडणारं ठळक पुस्तक म्हणजे शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. ते २०१५ चं, आणि त्याच वर्षी राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यानंतर चान्यांची नुसती कृती लिहिली तरी ते राजकारण ठरू लागलं. अशा मजकुराला झीन सोयीची, कारण चाळीस प्रती कुणाच्या हातात जाणार हे काढणाऱ्याला माहीत असतं.

‘डायस्पोरा’, म्हणजे मुलूख सोडून पांगलेली माणसं, म्हटलं की लोकांना न्यू जर्सी आठवते. आमच्याकडचा शब्द ‘जगायला जाणं’. दुष्काळात गाव जगायला गेलं. बीडकडची जोडपी मुकादमाची उचल घेऊन दसऱ्यानंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात. बिऱ्हाडात पीठ, तिखट आणि येसराचा (आमटीसाठी भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याचा) डबा असतो, चुलीला दगड पोचल्यावर मिळतात. आणि १९७८ मध्ये २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाल्यावर दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा माणसं जगायला नाही, जीव वाचवायला शहराकडं पळाली. चूल तशीच मागं राहिली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला.

त्या तारखेला आता दरवर्षी विद्यापीठ गेटवर गर्दी होते. पुस्तकांचे स्टॉल लागतात, भीमगीतांच्या पातळ चोपड्या विकल्या जातात. झीनची खरी भावंडं तीच, असं माझं मत. मागं एका वर्षी लातूरकडची, पुण्यात शिकणारी एक पोरगी तिथं चादर टाकून बसली होती. चोपडीत येसराची आमटी, मिलो आणि चान्या, सगळं हातानं काढलेलं. मापं नव्हती, नुसतं ‘मूठभर’ आणि ‘अंदाजानं’. एक म्हातारी वाकली. वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रावर बोट ठेवलं.

“पोरी, चान्या इतक्या जाड न्हाईत कापत,” ती म्हणाली. “वाळत्याल कवा?”

पोरीनं पेन काढलं आणि उरलेल्या सगळ्या प्रतींवर रेघा बारीक करत बसली.