जुन्या वास्तूत मुक्काम करायचाय? खोली ठरवण्याआधी हे वाचा

वाडा, गढी, किल्ला, राजवाडा असं कुठेतरी राहायचंय म्हणून खोली ठरवायला आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही आधी एकच सांगतो: वास्तू कितीही आवडू दे, खोली कुठली मिळणार हे कळल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका.

नेहमीच्या हॉटेलात दुसऱ्या मजल्यावरची खोली काय आणि तिसऱ्या मजल्यावरची काय, सारखीच. वाड्यात मात्र एक खोली पूर्वीचं कोठीघर असते, दुसरी माडीवरचा दिवाणखाना, तिसरी पागेत काढलेली. उजेड वेगळा, वारा वेगळा, छताची उंची वेगळी. न्हाणीघर तर मागाहूनच जोडलेलं असतं, त्यामुळे ते कुठे आहे हे विचारायलाच हवं.

आमच्या मनाला सगळ्यांत जवळचं ठिकाण म्हणजे मध्य प्रदेशातलं महेश्वर. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळातला बराचसा कारभार इथूनच पाहिला. राजस्थानी महालांची सवय झालेला माणूस त्यांचा वाडा बघून चक्रावतो. लाकडी खांब, ओसरी, चौक. बडेजाव कुठेच नाही. पुण्याकडच्या माणसाला तो आपल्या आजोळासारखा वाटतो. हा वाडा ज्या किल्ल्यात आहे, त्याच्याच एका भागात होळकरांच्या वंशजांनी २००० साली पाहुण्यांची सोय सुरू केली. खाली नर्मदेचा घाट आहे आणि पहाटेपासून तिथे स्नानाची वर्दळ असते. झोपमोड झाली तरी चालेल, पण नदीकडची खोली मिळत असेल तर तीच घ्या.

तेरेखोलचा प्रकार निराळा. गोव्याचा हा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, उरलेल्या गोव्यापासून तुटलेला. केरीहून फेरीबोटीने जायचं, नाहीतर सिंधुदुर्गातून रस्त्याने. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला, गोवा मुक्त व्हायला तेव्हा अजून सात वर्षं होती. आत सेंट अँथनीचं चर्च आहे आणि मुक्कामासाठी काढलेल्या सात खोल्यांना सात वारांची नावं दिली आहेत. आवार एवढंसं. लहान मुलांना धावायला मैदान हवं असेल, तर हे ठिकाण आम्ही सुचवत नाही.

भिंतींबद्दल थोडं

जुनी भिंत चुन्याची असते. चुना आणि वाळू दगडी चाकाच्या घाण्यात मळायची, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायचं, अशी ती रीत. अशी भिंत ओल धरते तशी सोडूनही देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात. म्हणून ज्या मालकांनी दुरुस्तीही चुन्यातच केली, त्यांच्याकडे ग्राहक पाठवायला आम्हाला आनंद वाटतो. पावसाळ्यात खोलीला किंचित ओलसर वास आला तर तो अस्वच्छतेचाच असेल असं धरू नका. भिंती दोन-तीन हात जाड असल्याने मोबाइलला रेंज कमी मिळते, हेही आधीच सांगून ठेवतो.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ‘हेरिटेज हॉटेल’ दर्जा मिळायला वास्तू १९५० पूर्वीची असावी लागते. जुना दरवाजा आणून बसवलेलं नवं रिसॉर्ट त्यात येत नाही. जाहिरातीत ‘हेरिटेज’ दिसलं की हा दर्जा खरंच मिळालाय का, हे आम्ही तपासतो.

एकदा आमच्याकडून चूक झाली. गुडघे दुखणाऱ्या एका मावशींना आम्ही माडीवरची खोली दिली. जिना इतका उभा की वरून सोडलेला दोर धरूनच चढायचं. त्या दोन दिवस खाली उतरल्याच नाहीत, जेवण वर न्यावं लागलं. तेव्हापासून खोलीच्या फोटोबरोबर जिन्याचा आणि उंबऱ्याचाही फोटो पाठवतो.

फोन करताना तुमच्याबरोबर कोण आहे, त्यांचं वय काय, जिना चढवतो का आणि रात्री बाथरूमला किती वेळा उठावं लागतं, हे संकोच न करता सांगा. त्यावरूनच खोली ठरवू.