'रोज लिहा' हा सल्ला आला कुठून? मराठी ब्लॉगलेखनाची थोडी पार्श्वभूमी

ब्लॉग सुरू करतोय म्हटलं की सल्ले तेच मिळतात. रोज लिहा. डोमेन, म्हणजे जालावरचा पत्ता, स्वतःचं घ्या. ऱ् नीट टाइप करा. सगळ्याची प्रत आपल्याजवळ ठेवा. पैशाचं तूर्त विसरा. हे सल्ले एकाच वहीतून उतरवल्यासारखे वाटतात, पण प्रत्येकामागे कुणाला तरी लागलेली ठेच आहे. त्यातले काही दगड आता जागेवर राहिलेलेही नाहीत, तरी सल्ला मात्र चालूच आहे.

मुळातला 'वेबलॉग' हा शब्द डिसेंबर १९९७चा, त्याचा 'ब्लॉग' झाला १९९९मध्ये, आणि त्याच वर्षी फुकट ब्लॉग उघडून देणाऱ्या सेवा आल्या. मराठीला त्याचा तेव्हा काही उपयोग नव्हता. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संगणकी संकेतांत, १९९१पासून होती खरी, पण घरातल्या संगणकावर ती उमटायला पुढचं दशक उजाडलं. तोवर ज्याचा त्याचा फॉन्ट. तो फॉन्ट वाचणाऱ्याकडे नसला की कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसायचा.

२००५-०६ साली चित्र बदलत होतं, पण सहज नाही. विंडोज एक्सपीत देवनागरी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात टिक करावी लागे, आणि टिक केली की संगणक सीडी मागे. मी सायबर कॅफेवाल्या काकांकडे एक्सपीची सीडी मागितली तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "काय बिघडवलंस?" मराठी वाचायचंय म्हटल्यावर त्यांनी सीडी दिली, पण तासाचे पैसे त्या वेळेसकट लावले. त्या काळात 'कसं लिहू?' या प्रश्नाचा अर्थ 'कसं टाइप करू?' एवढाच होता. विषय, शैली, वाचक या गोष्टींवर सल्ला द्यायला कुणाला फुरसतच नव्हती.

ऱ्चा सल्ला तिथलाच. गडकिल्ल्यांवर लिहिणारे तेव्हा पुष्कळ होते, आणि त्यांच्या सह्याद्रीत सर्रास 'दर्याखोर्या' असत. दर्या म्हणजे समुद्र. यांना म्हणायचं असे दऱ्या. रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवणाऱ्या साधनांत या अर्ध्या ऱसाठी वेगळी खटपट करावी लागे, आणि ती एकाच प्रकारची नव्हती. नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन पाय मोडला तरी तो उमटे, साधा र घेऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घातलं तरी उमटे. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोध घेताना मात्र हे दोन वेगळे शब्द. 'ॲ'चं दुखणं याहून मोठं. हे अक्षर युनिकोडमध्ये एप्रिल २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी कुणी 'ऍ' वापरी, कुणी अ-वर चंद्र चढवी, आणि पुष्कळ ठिकाणी त्या चंद्राखाली ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उमटे. जुन्या ब्लॉगवर 'ऍ' दिसला की लिखाणाचं वय कळतं, घोड्याचे दात पाहून कळावं तसं.

आता 'रोज लिहा'. माझ्या मते या सल्ल्याचा अर्धा दोष एका शब्दाकडे जातो.

ब्लॉगला मराठी शब्द हवा यावर तेव्हा बहुतेकांचं एकमत होतं. कोणता, यावर नव्हतं. एका बाजूला 'अनुदिनी' होता. करुणाष्टकं पाठ असलेल्या माणसाला 'अनुदिनि' परका नाही, त्यामुळे शब्द पटकन रुळला. कानाला गोड, लिहायला सोपा, स्त्रीलिंगी म्हणून 'माझी अनुदिनी' म्हणताना जिव्हाळाही येई. पण अनुदिन म्हणजे दररोज. ब्लॉगच्या मूळ नावात रोजचा काही करार नाही. तिथला 'लॉग' म्हणजे नोंदवही, आणि सुरुवातीचे वेबलॉग तर बरेचसे जालावर काय सापडलं त्याचे दुवे टिपून ठेवण्यापुरतेच होते. मराठीत येताना त्या नोंदवहीची डायरी झाली, आणि डायरी म्हटली की एक जानेवारीचा उत्साह आणि नऊ जानेवारीची शरम दोन्ही आलेच. तीन नोंदी करून थांबलेल्या, चौथीत 'बरेच दिवस लिहिता आलं नाही, क्षमस्व' म्हणणाऱ्या अनुदिन्या मी इतक्या पाहिल्या आहेत की ती क्षमा कुणाची मागितली हा प्रश्न पडतो. वाचकाने हिशेब मागितला नव्हता. तो शब्दाने मागितला होता.

दुसऱ्या बाजूला 'जालनिशी' होता. रोजनिशीवरून बेतलेला म्हणून त्याची थट्टाही झाली. पण तो अधिक नेमका होता असं मी म्हणेन. रोजनिशीतला 'निशी' फारसीतून आला, चिटणीस-फडणीस यांच्यातल्या 'नीस'चा सख्खा भाऊ. त्याचा संबंध लिहिण्याशी. दररोजचा भार 'रोज'वर होता, आणि तोच काढून तिथे 'जाल' घातलं. म्हणजे जालावरचं लिखाण, बस. महिन्यातून एकदा लिहिलं तरी जालनिशी ती जालनिशीच. शब्द हरला. काही वर्षांत अनुदिनीही मागे पडली आणि सगळे 'ब्लॉग' म्हणू लागले, पण रोजचा धाक तेवढा सल्ल्यात उरला.

'ब्लॉग' जिंकला त्याने गुंता सुटला असंही नाही. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांनी एकेका लेखालाच ब्लॉग म्हणायला सुरुवात केली. त्यामुळे आज 'मी काल एक ब्लॉग लिहिला' म्हणणारा आणि 'माझा ब्लॉग पंधरा वर्षं जुना आहे' म्हणणारा, दोघं वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात. नवख्याला 'ब्लॉग किती मोठा असावा?' असा प्रश्न पडतो तो यातूनच.

स्वतःच्या डोमेनचा सल्ला पूर्वी श्रीमंती थाट मानला जाई. जुलै २००६मध्ये, मुंबईच्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांनंतर, काही मोजकी पानं बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्यांनी ब्लॉगस्पॉट ही गूगलची फुकट ब्लॉगसेवा अख्खीच काही दिवस अडवली. तरी लोक तिथेच राहिले. खरा धडा पुढे मिळाला. २०१२पासून भारतातल्या वाचकाला ब्लॉगस्पॉटचा '.कॉम' पत्ता आपोआप '.इन'वर नेऊ लागला. कारण असं दिलं गेलं, की एखाद्या देशाच्या कायद्याखाली मजकूर काढावा लागला तर तो त्याच देशापुरता काढता यावा. लोकांनी ॲड्रेस बारमध्ये दिसला तोच पत्ता उचलला आणि जिकडे तिकडे दिला. २०१८मध्ये ही वळवणी थांबली. २०२०मध्ये त्या '.इन' नावाची मुदत संपली आणि ते गूगलच्या हातून गेलं. ब्लॉग शाबूत होते, पण तोवर वाटलेले पत्ते मेले. कुणाच्या व्हिजिटिंग कार्डावर, कुणाच्या दिवाळी अंकातल्या लेखाखाली ते अजून छापलेले आहेत.

प्रत जवळ ठेवण्याचा सल्ला असाच उशिरा पटला. फीड, म्हणजे अनेक ब्लॉगांवरचं नवं लिखाण एकाच जागी, वाचण्याचं सर्वांत लोकप्रिय साधन, गूगल रीडर, जुलै २०१३मध्ये बंद झालं आणि नियमित वाचक विखुरले. मग गूगल प्लस या गूगलच्याच नव्या समाजमाध्यमाला ज्यांनी आपल्या ब्लॉगचे प्रतिसाद जोडले, त्यांचे ते प्रतिसाद २०१९मध्ये ते माध्यम मिटलं तेव्हा गेले. लेख राहिले, त्यांच्याखालची भांडणं गेली. काही ब्लॉगांत भांडणंच लेखापेक्षा वाचनीय होती.

पैशाबद्दल थोडक्यात: ब्लॉगवर जाहिराती देणाऱ्या गूगलच्या ॲडसेन्स या यंत्रणेने हिंदीला २०१४मध्ये मान्यता दिली; मराठीला आणखी काही वर्षं थांबावं लागलं. 'मराठीत पैसा नाही' हा सल्ला त्या थांबण्यातला आहे.

उरली चोरी. आधी ती ईमेलच्या फॉरवर्डमधून व्हायची, आता व्हॉट्सॲपवरून होते. लेखाखालचं नाव गळतं आणि लेख चांगला असेल तर एखाद्या दिवंगत विनोदी लेखकाच्या नावावर चढतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखाचा हक्क लिहिताक्षणी लेखकाचा असतो, नोंदणी लागत नाही. पण कायदा दाखवायचा कुणाला, सोसायटीच्या ग्रुपला? म्हणून हल्ली अनुभवी मंडळी नवख्याला सांगतात, नाव शेवटी टाकू नकोस. मधल्या परिच्छेदात आईच्या तोंडी घाल, म्हणजे कापणाऱ्याला निदान तेवढं वाचावं तरी लागेल.