भावनिक खाणं

पोटात भूक नाही पण टेन्शन, राग, एकटेपणा, कंटाळा असं काहीतरी मनात चाललंय म्हणून जे खाल्लं जातं त्याला भावनिक खाणं म्हणतात, डायटिशियन लोकांच्या बोलण्यात इमोशनल ईटिंग किंवा स्ट्रेस ईटिंग. हा आजार नाही, थोडंफार सगळेच करतात, आणि बारशाला पोट भरलेलं असताना अजून एक जिलबी घेतली तर काहीही बिघडत नाही. त्रास तेव्हा सुरू होतो जेव्हा ताण आला की खाणं हा एकच उपाय माणसाकडे उरतो.

ओळखायचं कसं? खरी भूक हळूहळू वाढते आणि वरणभात, भाजी-भाकरी कशानेही भागते. ताणातली भूक एकदम येते, तिला शेव, वेफर्स, चॉकलेट असं ठराविकच काहीतरी हवं असतं, पोट भरलं तरी हात डब्यातच राहतो आणि नंतर मनाला टोचणी लागते. सोपी टेस्ट म्हणजे स्वतःला विचारायचं, आत्ता साधी पोळी-भाजी चालेल का? चालेल असं उत्तर आलं तर भूक खरी आहे, सरळ ताट वाढून घ्यावं.

शरीरात काय होतं ते बघण्यासारखं आहे. अचानक धक्का बसला, समजा गाडीचा अपघात होता होता वाचला, तर ॲड्रिनलिन या हार्मोनमुळे भूक उलट मरते. पण ताण दिवसेंदिवस चालू राहिला, नोकरीचं, कर्जाचं, घरातल्या आजारपणाचं, की मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींमधून कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त सुटत राहतं, ते भूक वाढवतं आणि ओढ मुख्यतः गोड आणि तेलकट पदार्थांकडे नेतं. २००३ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधक मेरी डॅलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांवरून मांडलं की साखर आणि चरबी खाल्ल्यावर मेंदूतली ताणाची यंत्रणा खरंच थोडी शांत होते. म्हणजे खाऊन बरं वाटतं हे खोटं नाहीये, बरं वाटतं म्हणूनच तर सवय लागते, फक्त ते टिकत नाही. सगळ्यांचंच असं होतं असंही नाही, ताणात ज्यांचा घास घशाखाली उतरत नाही अशी माणसंही भरपूर आहेत.

याची मुळं लहानपणात शोधणाऱ्या हिल्डे ब्रुख या जर्मनीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या मानसोपचारतज्ज्ञ. मूल कशासाठीही रडलं, भीती वाटली, झोप आली, एकटं वाटलं, तरी प्रत्येक वेळी तोंडात खायलाच दिलं तर मोठेपणी त्याला भूक आणि इतर अस्वस्थता यातला फरकच कळत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे तर रडणं थांबवायला बिस्किट, पास झाला की पेढे, पाहुणे येताना खाऊ, यात प्रेमच असतं आणि ते सोडायची काही गरज नाही, पण रडणाऱ्या पोराला आधी जवळ घेऊन काय झालं ते विचारावं, बिस्किट नंतरही देता येतं.

सगळ्यात जास्त गैरसमज इच्छाशक्तीबद्दल आहे. खाण्यावर कंट्रोल नाही म्हणून माणूस कडक डायट सुरू करतो आणि तिथेच फसतो. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिलं, काहींना नाही, आणि मग सगळ्यांना आइस्क्रीम हवं तेवढं खा म्हटलं, तर ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर कमी खाल्लं आणि ज्या सतत बंधनात होत्या त्यांनी उलट जास्त खाल्लं, कारण नियम एकदा मोडलाच की आता काय उरलंय असं वाटतं. ताण हाही बंधन असंच तोडतो. त्यामुळे सकाळी नुसता चहा, दुपारी डबा अर्धवट, लोकलच्या गर्दीत तास-दीड तास उभं राहून घरी आल्यावर साडेआठला फरसाणाचा डबा उघडतो तेव्हा त्यात ताण आणि खरी भूक दोन्ही मिसळलेली असतात, आणि आपण दोष मात्र स्वतःच्या स्वभावाला देतो. घरच्या बाईचं तर अजून वेगळं, सगळ्यांना वाढून शेवटी बसायचं, उरलेलं वाया नको म्हणून संपवायचं, मग सगळे झोपल्यावर ओट्याशी उभं राहून जे खाल्लं जातं तेवढाच तिचा दिवसातला निवांत वेळ असतो. तिला डायट चार्ट देऊन काही होणार नाही, तिला दिवसात आधी कधीतरी अर्धा तास स्वतःचा मिळायला हवा.

म्हणून ताणाकडे बघायचं ते स्वयंपाकघरात पोचण्याच्या आधी. वेळेवर पोटभर जेवण हा पहिला उपाय, विशेषतः दुपारचं, आणि पाचच्या सुमारास चणे-शेंगदाणे किंवा फळ असं काहीतरी. दुसरा उपाय झोप, शिकागोमधल्या २००४ च्या एका छोट्या अभ्यासात तरुणांना दोन रात्री फक्त ४-४ तास झोपू दिलं तर भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन २८ टक्के वाढलं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्के कमी झालं. तिसरं चालणं, इंग्लंडमध्ये नेहमी चॉकलेट खाणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात १५ मिनिटं भरभर चालल्यावर त्यांची चॉकलेटची ओढ कमी झालेली दिसली. ओढ आली की ती वाढतच जाणार असं वाटतं पण ती लाटेसारखी चढते आणि उतरतेही, त्यामुळे खायचं नाही असं न म्हणता दहा मिनिटांनी खाऊ म्हणावं, तेवढ्यात सावकाश श्वास घ्यावा, कोणाला तरी फोन करावा, गच्चीवर चक्कर मारावी. तरीही खावंसं वाटलं तर वाटीत काढून, बसून, मोबाईल बाजूला ठेवून चव घेत खावं, आणि खाल्ल्यावर स्वतःला शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नये, त्याने तेच चक्र परत सुरू होतं.

थोड्या वेळात खूप जास्त खाणं, मध्ये थांबताच न येणं, लपून खाणं आणि नंतर स्वतःची किळस वाटणं, असं आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने होत असेल तर ते बिंज ईटिंग डिसऑर्डर असू शकतं. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे आणि कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीने, म्हणजे तज्ज्ञाशी बोलत बोलत विचार आणि सवयी बदलायच्या उपचाराने, त्यात चांगला फरक पडतो. डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाण्याचं हे वेळापत्रक डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं. मानसिक त्रासासाठी भारत सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या नंबरवर, दिवसरात्र कधीही फुकट बोलता येतं, मराठीतसुद्धा.