आधी चित्र, मग माप
पाश्चात्त्य चित्रांचे प्रिंट आणि फ्रेम करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

फोनवर पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं: "सोफ्यामागची भिंत आहे, २४ बाय ३६ द्या." कोणतं चित्र, हे दुसऱ्या वाक्यात येतं. व्हॅन गॉगची चांदण्यांची रात्र, मोनेचा सूर्योदय किंवा नुसतंच "काहीतरी इम्प्रेशनिस्ट". आमचे आणि तुमचे सगळ्यात जास्त दिवस इथेच वाया जातात. माप आधी ठरवून चित्र त्यात बसवायला सांगणं, ही ती एक चूक. या पत्रकातलं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं मात्र वाचा.

व्हॅन गॉगचंच चित्र घेऊ, कारण सगळ्यात जास्त मागणी त्यालाच आहे. १८८९ मध्ये सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना त्याने ते रंगवलं. आज ते न्यूयॉर्कला आहे. मूळ माप ७३.७ बाय ९२.१ सेंटीमीटर, म्हणजे उंची चार भाग तर रुंदी पाच भाग. २४ बाय ३६ मध्ये उंची दोन भाग आणि रुंदी तीन भाग होते. ३६ इंच रुंद छापलं तर चित्राची उंची जवळजवळ २९ इंच भरते, आणि फ्रेम आहे २४ इंचांची. पाच इंच कुठून काढायचे? वरून काढले तर डावीकडच्या सुरूच्या झाडाचा शेंडा उडतो. ते झाड जमिनीतून निघून थेट आभाळात घुसतं, त्यावर सगळं चित्र उभं आहे. खालून काढले तर झोपलेलं गाव आणि चर्च जातं. मग ग्राहक म्हणतात, "कापू नका, थोडं ताणा." ताणल्यावर चंद्राभोवतीचं तेजाचं कडं अंड्यासारखं होतं आणि सगळं चित्र एक पंचमांशाने रुंदावतं. आम्ही चित्र ताणून देत नाही. पैसे जास्त देतो म्हटलं तरी नाही. काहींना हा हट्ट वाटतो, पण भिंतीवर रोज ते तुम्हालाच बघायचं असतं, आणि ताणलेलं चित्र आठवड्याभरात खुपायला लागतं.

हेच चित्र २४ बाय ३० मध्ये पूर्ण बसतं, एक रेघही कापावी लागत नाही. तेव्हा चित्राचं नाव आणि एकच बाजू सांगा, उंची किंवा रुंदी. दुसरी बाजू चित्रच ठरवतं.

'चार-पाच इंचांनी काय बिघडतं' असं वाटत असेल, तर हे चित्रकार कडांचा किती विचार करत होते ते पाहा. जाक-लुई दाविदने १७८४ मध्ये रोममध्ये रंगवलेलं रोमसाठी लढायला निघालेल्या होरेशी बंधूंच्या शपथेचं चित्र आता पॅरिसच्या लूव्ह्‌रमध्ये आहे. मागे तीन कमानी. डावीकडच्या कमानीपुढे हात पुढे केलेले तीन भाऊ, मधल्या कमानीपुढे तलवारी धरलेला बाप, उजवीकडच्या कमानीपुढे रडणाऱ्या बायका. नवअभिजातवाद म्हणजे काय, हे पुस्तकापेक्षा या तीन कमानी चांगलं शिकवतात. मोजून-मापून मांडणी, रोमन इतिहास आणि मनापेक्षा कर्तव्य मोठं. उजवी बाजू कापली की बायका जातात आणि त्या शपथेची किंमत कोण मोजणार हेच चित्रातून निघून जातं.

त्यानंतरचे स्वच्छंदतावादी, ज्यांना आपण रोमँटिक म्हणतो, त्यांचं वागणं वेगळं. त्यांना मोकळी जागा लागते. टर्नरने १८३९ मध्ये रंगवलेल्या 'फायटिंग टेमेरेअर'मध्ये डावीकडे मोडीत काढायला नेलेलं जुनं लढाऊ जहाज आहे, त्याच्या पुढे ते ओढणारी छोटी काळी वाफेची बोट आणि उजवीकडे मावळणारा सूर्य. मधलं पाणी रिकामं आहे. "मधलं रिकामं कमी करून दोन्ही जवळ आणता येईल का?" असं आम्हाला खरोखर विचारलं गेलं आहे. नाही येणार. ते अंतर हाच त्या चित्राचा विषय आहे. फ्रीडरिखचा धुक्याच्या समुद्रापुढे उभा असलेला भटका तर उभंच चित्र आहे. सोफ्यावरच्या आडव्या जागेसाठी ते आडवं कापलं तर त्याच्या पायाखालचा खडक जातो आणि माणूस अधांतरी राहतो. त्याला दोन दारांमधली किंवा जिन्याजवळची उभी भिंत द्या.

वास्तववाद्यांमध्ये आमच्याकडे सगळ्यात जास्त जातं ते मिलेचं सरवा वेचणाऱ्या तीन बायकांचं चित्र. १८५७ चं आहे. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं तेच वर्ष. कापणी झाल्यावर शेतात पडलेली कणसं वेचायची, हे आपल्याकडेही ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ते चित्र कुणी समजावून सांगावं लागत नाही. मागे दूरवर गंजी रचलेल्या आहेत, गाडी भरते आहे आणि उजवीकडे घोड्यावर बसलेला मुकादम अगदी बारीक दिसतो. कापायची वेळ आली की सगळे आधी हीच "रिकामी" बाजू सुचवतात. मुकादम गेला की राहतात फक्त वाकलेल्या बायका, आणि त्या का वाकल्या आहेत ते कळत नाही.

आता "इम्प्रेशनिस्ट"बद्दल, कारण हा शब्द फार सैल वापरला जातो आणि त्यामुळे चुकीचे प्रिंट निघतात. मराठीत याला दृक्‌प्रत्ययवाद म्हणतात. १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत मोने, रनॉर, देगा, पिसारो वगैरे मंडळींनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. तिथे मोनेने ल आव्हर बंदरातल्या सूर्योदयाचं चित्र ठेवलं होतं. लुई लरॉय नावाच्या समीक्षकाने चित्राच्या नावातला 'इम्प्रेशन' हा शब्द उचलून टवाळी केली आणि तेच नाव कायमचं चिकटलं. व्हॅन गॉग त्यांच्यात नव्हता, तो त्यांच्यानंतरचा. त्यामुळे "इम्प्रेशनिस्ट द्या" एवढंच सांगितलं तर आम्ही मोने-पिसारोचे नमुने पाठवणार आणि तुमच्या मनात मात्र निळ्या आभाळातल्या भोवऱ्या असणार. शैलीचं नाव सांगू नका, चित्राचं नाव सांगा. नाव माहीत नसेल तर फोटो पाठवा, आम्ही ओळखून देतो.

मोनेच्या या सूर्योदयाबद्दल आणखी एक विनंती. "रंग उठावदार करा, जरा शार्प करा" असं सांगू नका. त्यातला केशरी सूर्य आजूबाजूच्या करड्या आभाळापेक्षा फारसा उजळ नाही. चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तर सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणूनच रंगीत चित्रात तो थरथरतो. संगणकावर उजळवला की तो पिवळा बटाटा होतो. आमच्याकडून फिका प्रिंट गेला, अशी तक्रार या चित्रावर वरचेवर येते. तो फिका नाही, तो सकाळच्या धुक्यातला आहे. ट्यूबलाइटखाली न लावता खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावून पाहा. ऊन मात्र थेट पडू देऊ नका.

बरं, २४ बाय ३६ चीच फ्रेम घरात आणून ठेवली असेल तर? दोन मार्ग आहेत. पहिला, त्या मापाला साजेसं चित्र निवडा. झॉर्झ सरा याचं बारीक ठिपक्यांनी रंगवलेलं 'ग्रांद झात बेटावरचा रविवार' जवळजवळ याच प्रमाणात आहे. मूळ चित्र तीन मीटरहून थोडंसं जास्त रुंद, शिकागोला आहे. फक्त एक लक्षात घ्या: सराने नंतर चित्राच्या चारही बाजूंना ठिपक्यांचीच रंगीत किनार रंगवली. ती छपाईतली चूक नाही, ती कापायला सांगू नका. जेरिकोचा 'मेदूसाचा तराफा'ही या मापात जवळपास बसतो, पण मरणाच्या दारातली माणसं दिवाणखान्यात रोज पाहवतील का, ते घरच्यांना विचारून ठरवा.

दुसरा मार्ग माउंटचा, म्हणजे प्रिंट आणि फ्रेम यांच्यामध्ये ठेवायच्या पुठ्ठ्याच्या कडेचा. व्हॅन गॉगचा प्रिंट २० बाय २५ घ्यायचा, वर-खाली दोन-दोन इंच आणि डाव्या-उजव्या बाजूला साडेपाच-साडेपाच इंच पांढरा माउंट ठेवायचा. बाहेरून बरोबर २४ बाय ३६ होतं. कागदावर विचित्र वाटतं, भिंतीवर भारदस्त दिसतं. माउंट आम्ही आमच्याच टेबलावर कापतो आणि आम्लरहित बोर्ड वापरतो, त्यामुळे कडा काही वर्षांत पिवळ्या पडत नाहीत. खर्च थोडा वाढतो, पण अख्खा प्रिंट दुसऱ्यांदा काढण्यापेक्षा कमी.

फ्रेमच्या पट्टीबद्दलही थोडं. सोनेरी नक्षीची पट्टी सगळ्यांनाच आवडते, आणि दाविदला ती शोभतेही. पण देगा आणि पिसारो यांनी सोनेरी चौकटींचा कंटाळा येऊन आपली चित्रं पांढऱ्या आणि रंगीत साध्या चौकटींत लावली होती. मोने-पिसारोसाठी आम्ही पांढरी, सपाट लाकडी पट्टी ठेवतो. सोनेरीपेक्षा स्वस्त आहे, तरी आम्ही तीच सुचवतो.

फाइल शक्यतो आमच्यावर सोडा. हे चित्रकार जाऊन नव्वदहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही, आणि काही मोठी संग्रहालयं मोठ्या आकाराच्या प्रतिमा मोफत देतात. २४ बाय ३० साठी किमान ३६०० बाय ४५०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकसून आलेला असतो, तो चित्र ओळखायला पुरतो, छापायला नाही. छापण्याआधी आम्ही कडांसकट पूर्ण नमुना पाठवतो आणि तुमचा होकार आला तरच मशीनवर घेतो. यात एक दिवस जातो. घाईतही तो दिवस आम्ही सोडत नाही, कारण कॅनव्हास एकदा कापून ताणला की परत फिरत नाही.

पार्सल उघडल्यावर शेवटचं एक. देगाच्या ऑपेरातल्या वाद्यवृंदाच्या चित्रात वरच्या नर्तकींची डोकी दिसत नाहीत. कायबोतच्या पावसातल्या पॅरिसच्या रस्त्यावर उजव्या कडेला छत्रीवाला माणूस अर्धाच आहे. या दोन चित्रांसाठी आम्हाला दरवेळी रागाचा फोन येतो. ते कापणं आमचं नाही, चित्रकारांचं आहे. जपानी छापचित्रं आणि कॅमेरा यांच्या सहवासात त्यांना अशी अर्धी कापलेली दृश्यं आवडायला लागली होती. तरी शंका आली तर प्रिंट घेऊन दुकानात या, संग्रहालयाची प्रतिमा शेजारी उघडून कडा मोजून दाखवतो.